अठरा मीटरसाठी बाण कोणता?

अर्जुनाला पक्ष्याचा फक्त डोळा दिसला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणीच ऐकली आहे. गुरूंनी काय विचारलं, भावांनी काय उत्तर दिलं, सगळं पाठ! पण त्या दिवशी अर्जुनाच्या हातातला बाण किती लांब होता, तो किती वाकत होता, त्याच्या टोकाचं वजन किती होतं, हे मात्र कुणीच सांगत नाही. एकाग्रता हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण चुकीचा बाण असेल तर डोळा कितीही स्थिर ठेवा, बाण डोळ्याला न लागता शेपटीला लागेल. म्हणूनच हा लेख.

मी मूळची पांढरकवड्याची. सध्या थर्ड इयर मेकॅनिकलला आहे. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं! धनुर्विद्या मी नववीपासून करते. आमच्याकडे पावसाळ्यात मैदानावर उभं राहणं म्हणजे शिक्षाच. कापसाची काळी माती, एक पाऊल टाकलं की चपलेला दोन किलो चिखल. पण चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात आणि गावातलं मंगल कार्यालय रिकामं पडलेलं असतं. हॉलची लांबी मोजली तर अठरा मीटर सोडून मागे-पुढे उभं राहायलाही जागा! तेव्हापासून दर पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी आमचा सराव तिथे चालतो. मी आणि माझ्याबरोबर तीन लहान मुलं. दोघं आश्रमशाळेत शिकतात आणि एक आमच्याच गल्लीतली मुलगी.

यंदा या मुलांना इनडोअर स्पर्धेत उतरवायचं ठरलं. धनुष्यं होती, पण बाण सगळे उरलेसुरले. कुणाचा लांब, कुणाचा आखूड, एक निळ्या पिसांचा तर एक बिनपिसांचा. गावातल्या एका कापड दुकानदार काकांनी बाणांचे पैसे द्यायचं कबूल केलं. अट एकच, "बेटा, देतो म्या, पण एकदाच मागजो." म्हणजे चूक करायला जागाच नाही! विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणाला, "इनडोअर ना? मग सगळ्यांना सर्वात जाड बाण घ्या. दोन डझन पाठवून देतो." इतकं सोपं असेल का? मी वही-पेन घेऊन बसले. त्या वहीतलंच आज इथे मांडते आहे.

इनडोअरमध्ये वेगळं काय?

बाहेरच्या स्पर्धेत रिकर्व्ह धनुष्याला ७० मीटर आणि कंपाउंडला ५० मीटर अंतर असतं. तिथे मुख्य शत्रू वारा. म्हणून बाहेरचे बाण बारीक आणि त्यामानाने जड असतात, वाऱ्याला ढकलायला जागाच कमी. इनडोअरला अंतर १८ मीटर, लक्ष्याचा कागद ४० सेंटिमीटर व्यासाचा. ३ बाणांची एक फेरी, अशा २० फेऱ्या, एकूण ६० बाण आणि ६०० गुण. वारा शून्य. रिकर्व्हसाठी दहाचं वर्तुळ ४ सेंटिमीटरचं, म्हणजे साधारण कॅरमच्या स्ट्रायकरएवढं. कंपाउंडसाठी ते फक्त २ सेंटिमीटरचं. नेदरलँड्सच्या माइक श्लोसरने २०१५ मध्ये फ्रान्समधल्या नीम शहरात इनडोअर कंपाउंडचे ६०० पैकी ६०० गुण मिळवले. असा पूर्ण गुणांचा तो पहिलाच खेळाडू. साठच्या साठ बाण त्या २ सेंटिमीटरमध्ये! विचार करा.

आता नियमातली एक गंमत. बाणाच्या काठीचा स्पर्श जरी वरच्या गुणाच्या रेषेला झाला, तरी वरचा गुण मिळतो. बाण निम्म्याहून जास्त आत हवा वगैरे काही नाही. नुसता स्पर्श पुरे. म्हणजे बाण जितका जाड तितकी रेषेला टेकण्याची शक्यता जास्त. वारा नाही, मग जाड बाणाचं नुकसानही नाही. म्हणून इनडोअरला जाड बाण! जागतिक संघटनेने मात्र मर्यादा घातली आहे. काठीचा व्यास ९.३ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही.

जाड बाणाचा फायदा खरंच किती?

सगळे म्हणतात "फायदा होतो", पण किती, ते कुणी सांगत नाही. आपण इंजिनिअरिंगवाले, आकडा काढल्याशिवाय कसं चालेल? बाहेरचा बारीक बाण ५.५ मिलिमीटरचा धरा आणि इनडोअरचा जाड बाण ९.१३ मिलिमीटरचा. रिकर्व्हच्या दहाच्या वर्तुळाची त्रिज्या २० मिलिमीटर. बाणाचा मध्य जर वर्तुळाच्या केंद्रापासून २० अधिक बाणाची त्रिज्या इतक्या अंतरात असेल तर दहा मिळतात. बारीक बाणासाठी हे अंतर २२.७५ मिलिमीटर, जाड बाणासाठी सुमारे २४.५७. क्षेत्रफळाच्या हिशेबात दहाचं वर्तुळ जवळपास १७ टक्क्यांनी मोठं झालं. कंपाउंडच्या लहान वर्तुळासाठी हाच फायदा ३० टक्क्यांच्या आसपास येतो.

समजा एखादा रिकर्व्ह खेळाडू बारीक बाणाने निम्मे बाण दहात मारतो, म्हणजे ६० पैकी ३०. सेकंड इयरला शिकलेलं नॉर्मल डिस्ट्रिब्यूशन लावलं, तर त्याच हाताने, त्याच सरावाने, फक्त बाण जाड केल्यावर त्याचे दहा ३३ होतात. नऊ-आठच्या रेषांवरचा फायदा धरून ६०० मध्ये एकूण ४ गुणांच्या आसपास वाढतात. चार गुण म्हणजे कमी नाहीत हं! आठवतंय ना, २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत आपल्या नागपूरचा ओजस देवतळे १५०-१४९ असा जिंकला. ती स्पर्धा मैदानावरची होती, पण एक गुण म्हणजे काय ते तिथे कळतं. त्याच दिवशी साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी जगज्जेती झाली.

पण थांबा, हिशेब अजून संपला नाही. समजा हा जाड बाण त्या धनुष्याला जुळत नाही आणि त्यामुळे बाणांचा ग्रुप फक्त १० टक्क्यांनी पसरला. आता तोच हिशेब पुन्हा करा. दहा येतात २९! म्हणजे बारीक बाणाने येत होते त्यापेक्षाही कमी. जाडीने दिलेलं सगळं न जुळण्याने काढून घेतलं, वर एक जास्तीचं नेलं. मला या लेखात सांगायचा मुख्य मुद्दा हाच आहे. जुळणारा बाण आधी, जाड बाण नंतर.

बाणावरचा नंबर

अ‍ॅल्युमिनियमच्या बाणावर २३१५, १८१६, १७१६ असे चार आकडे छापलेले असतात. ईस्टन या अमेरिकन कंपनीच्या बाणांवर ते तुम्ही पाहिले असतील. पुष्कळ जणांना तो मॉडेल नंबर वाटतो. खरं तर तो सरळ मोजमापाचा नंबर आहे. पहिले दोन आकडे म्हणजे व्यास, इंचाच्या चौसष्टाव्या भागात. शेवटचे दोन म्हणजे नळीच्या भिंतीची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. म्हणून २३१५ म्हणजे २३/६४ इंच, अर्थात ९.१३ मिलिमीटर व्यास आणि भिंत ०.०१५ इंच. तसंच १८१६ म्हणजे ७.१४ मिलिमीटर व्यास, १७१६ म्हणजे ६.७५. आता कळलं ना, इनडोअरला २३१५ एवढा प्रसिद्ध का? ९.३ च्या मर्यादेच्या अगदी खाली तो बसतो.

विक्रेता आमच्या तिन्ही मुलांना हाच २३१५ देत होता.

स्पाइन म्हणजे काय?

बाण किती कडक आणि किती लवचिक, याला स्पाइन म्हणतात. मोजण्याची पद्धत अगदी आपल्या स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या प्रॅक्टिकलसारखी आहे. बाणाची काठी २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर आडवी ठेवायची, बरोबर मधोमध १.९४ पौंड म्हणजे साधारण ८८० ग्रॅम वजन लटकवायचं आणि काठी किती वाकली ते बघायचं. अर्धा इंच, म्हणजे ०.५०० इंच वाकली तर स्पाइन ५००. कार्बनच्या बाणांवर ४००, ५००, ७०० असे जे आकडे असतात ते हेच. लक्षात ठेवा, आकडा मोठा तर बाण मऊ, आकडा लहान तर बाण कडक. इथेच पुष्कळ जणांचं उलटं होतं.

सिंपली सपोर्टेड बीमचा फॉर्म्युला आठवतो? वाक म्हणजे वजन गुणिले लांबीचा घन, भागिले ४८ गुणिले ई गुणिले आय. अ‍ॅल्युमिनियमचा ई सुमारे ७१ गिगापास्कल धरून आणि पोकळ नळीचा आय काढून मी तीन बाणांचा हिशेब केला. १७१६ साधारण ०.८८ इंच वाकतो, १८१६ साधारण ०.७३ इंच आणि २३१५ फक्त ०.३६ इंच! म्हणजे २३१५ हा १८१६ च्या दुप्पट कडक. भिंत तर त्याची थोडी पातळच आहे, मग असं का? कारण आय व्यासाच्या चौथ्या घाताशी खेळतो. व्यास जरासा वाढला की कडकपणा भराभर वाढतो. म्हणून "जाड" आणि "कडक" हे जुळे भाऊ आहेत. एकाला घरी आणलं की दुसरा आपोआप येतो.

हे ज्ञान फक्त आपल्या पुस्तकातच आहे असं समजू नका. आमच्या भागात कोलाम पोडावरचे एक आजोबा बांबूचे बाण करतात. बांबूची काडी शेकोटीच्या धगीवर फिरवून सरळ करायची आणि मग दोन्ही टोकं धरून अंगठ्याने मधे दाबून बघायची. पाच काड्यांतल्या दोन बाजूला टाकल्या. मी विचारलं, "काहून टाकल्या आजोबा? सरळ तर आहेत." ते म्हणाले, "सरळ हायेत पण सारख्या नाही वाकत. हे माह्या धनुष्याच्या कामाच्या नाही." ८८० ग्रॅमचं वजन नाही, डायल गेज नाही, पण स्पाइन मोजून झाली होती!

बाण वाकायला हवाच का?

हो, आणि हे ऐकून पहिल्यांदा सगळ्यांना नवल वाटतं. रिकर्व्ह धनुष्याची दोरी आपण बोटांनी ओढतो. सोडताना दोरी बोटांवरून घरंगळते आणि किंचित बाजूला सरकते. मागून दोरीचा जोरदार धक्का आणि पुढे टोकाचं वजन, यांच्यामध्ये बाण सापडतो आणि आडवा वाकतो. मग उलट बाजूला वाकतो, पुन्हा इकडे. असा माशासारखा वळवळत तो धनुष्याच्या मुठीच्या बाजूने निसटतो. शेपटीचा भाग मुठीला न घासता गेला तर बाण सरळ जातो. याला आर्चर्स पॅराडॉक्स म्हणतात. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण हायस्पीड कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतं.

बाण फार कडक असेल तर तो पुरेसा वाकत नाही आणि उजव्या हाताने ओढणाऱ्या खेळाडूचा बाण डावीकडे जातो. फार मऊ असेल तर जास्त वाकतो आणि उजवीकडे जातो. शिवाय मुठीला घासला तर दर वेळी वेगळीकडे जातो, तो त्रास निराळाच. कंपाउंडमध्ये दोरी बोटांऐवजी रिलीज नावाच्या छोट्या यंत्राने सुटते, त्यामुळे बाजूला वाकणं बरंच कमी असतं. धनुष्यही जास्त ताकदीचं असतं. म्हणून कंपाउंडवाले २३१५ सारखे बाण बिनधास्त वापरतात. त्यांचं पाहून २६ पौंडाच्या रिकर्व्हवाल्याने तेच घेणं म्हणजे बुलेटचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर सायकलला लावणं!

स्पाइन बदलणाऱ्या तीन गोष्टी

नळीवर छापलेली स्पाइन एक आणि धनुष्यातून सुटताना बाण प्रत्यक्षात जसा वागतो ती दुसरी. ही दुसरी तीन गोष्टींवर ठरते.

पहिली, धनुष्याची ताकद. धनुष्यावर छापलेला आकडा बहुतेक वेळा २८ इंच ओढीचा असतो. तुम्ही २५ इंचच ओढत असाल तर तुमच्या बोटांवर तेवढे पौंड येतच नाहीत. ढोबळ हिशेबाने प्रत्येक इंचाला साधारण २ पौंडांचा फरक पडतो. छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. सामान तोलायचा आकड्याचा स्प्रिंग काटा दोरीला अडकवा, नेहमीएवढं ओढा आणि आकडा वाचा. ताकद जास्त तर बाण जास्त वाकतो.

दुसरी, बाणाची लांबी. वरच्या फॉर्म्युल्यात लांबीचा घन आहे, तेव्हा अर्ध्या इंचानेही फरक दिसतो. लांब बाण मऊ वागतो, आखूड बाण कडक. सुरक्षेच्या दृष्टीनेही बाण पूर्ण ओढल्यावर रेस्टच्या पुढे एक-दोन इंच राहिलाच पाहिजे, वाढत्या वयाच्या मुलांसाठी तर दोन इंच. रेस्टवरून मागे पडलेला बाण हातात घुसू शकतो, इथे चेष्टा नाही. आणि हो, लांब बाण कापता येतो, कापलेला बाण वाढवता येत नाही!

तिसरी, टोकाचं वजन. हे ग्रेन नावाच्या एककात मोजतात, १०० ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम. टोक जड केलं की बाण मऊ वागतो, हलकं केलं की कडक. टोक जड असलं की बाणाचा तोल पुढे सरकतो आणि तो स्थिर उडतो. तोल काढायला सोपं आहे. बाण बोटावर आडवा तोलून धरा आणि नॉकच्या खाचेपासून तो बिंदू किती दूर आहे ते मोजा. समजा बाण २९ इंच आणि तोल १७.४ इंचावर. अर्धी लांबी १४.५, फरक २.९ इंच, म्हणजे लांबीच्या १० टक्के पुढे. अ‍ॅल्युमिनियमच्या बाणाला हे छान आहे.

उलट बाण फार हलका घेऊ नका. धनुष्याची शक्ती बाणाने घ्यायची असते. बाण हलका असला की उरलेली शक्ती धनुष्यालाच बसते. रिकामी दोरी ओढून सोडल्याने धनुष्य कसं फुटतं ते तुम्हाला माहीत आहेच, हा त्याचाच लहान भाऊ. इनडोअरला वेगाची घाई नाही. सेकंदाला ५० मीटरने जाणारा बाण १८ मीटर ०.३६ सेकंदात कापतो. जरा जड झाला तर साइट थोडी खाली घ्यायची, बस्स.

पिसं की प्लास्टिक?

बाहेर खेळताना लहान, हलक्या प्लास्टिकच्या व्हेन लावतात, कारण मोठ्या पिसांना वारा धरतो. इनडोअरला वारा नाही आणि बाणाकडे सरळ व्हायला वेळही कमी, फक्त १८ मीटर. म्हणून इथे मोठी पिसं चांगली. चार इंचांची खरी पिसं बाणाची शेपटी लवकर शांत करतात, बाण लवकर फिरायला लागतो आणि सोडताना हात जरा हलला तरी थोडं सांभाळून घेतात. रेस्टला घासली तर ती दबतात, प्लास्टिकसारखी बाणाला उडवत नाहीत. लक्षात ठेवायचं ते एवढंच की एका बाणावर एकाच बाजूच्या पंखाची पिसं लावा, डाव्या-उजव्या पंखाची भेळ करू नका. आणि पिसं भिजू देऊ नका. आमच्याकडे ऑगस्टमध्ये घरून हॉलपर्यंत येतानाच ती भिजतात, म्हणून पीव्हीसी पाईपला झाकण लावून आम्ही बाणांचा डबा केला आहे.

अ‍ॅल्युमिनियम की कार्बन?

जाड बाण दोन्हीत मिळतात. कार्बन हलका, वाकून राहत नाही, पण महाग. आणि त्याला बारीक चीर गेली तर वरून दिसत नाही. तसा बाण ओढून सोडला तर फुटून त्याच्या कपच्या हातात जातात. म्हणून कार्बनचा बाण प्रत्येक आपटीनंतर हलकेच वाकवून, पिळून, कानाजवळ धरून बघायचा. कडकड आवाज आला की सरळ मोडून टाकायचा, "अजून एकदा मारून बघू" नाही!

अ‍ॅल्युमिनियम स्वस्त, सगळे बाण वजनाला आणि सरळपणाला छान सारखे. दोष एकच, आडवा मार बसला की वाकतो. काचेवर घरंगळवून बघा. टकटक आवाज आला तर वाकला आहे. इनडोअरला बाण दगडमातीत जात नाहीत, फोमच्या बट्रेसमध्येच जातात, त्यामुळे वाकण्याचा धोकाही मैदानापेक्षा कमी. शिकणाऱ्यांसाठी इनडोअरला अ‍ॅल्युमिनियमच योग्य, असं माझं स्पष्ट मत आहे. घरी दोन क्विंटल कापूस विकून जेवढे पैसे येतात तेवढे बारा बाणांत घालायची पाळी सुरुवातीलाच का आणावी?

बिनपिसांची परीक्षा

सगळे तक्ते, सगळे फॉर्म्युले झाल्यावर शेवटी धनुष्यालाच विचारावं लागतं. त्यासाठी दोन बाणांना पिसं लावायचीच नाहीत. तीन पिसांचे आणि दोन बिनपिसांचे बाण एकाच ठिकाणी नेम धरून मारायचे. पिसं चुका झाकतात, बिनपिसांचा बाण खरं बोलतो. उजव्या हाताच्या रिकर्व्ह खेळाडूचा बिनपिसांचा बाण ग्रुपच्या डावीकडे लागला तर बाण कडक. टोक जड करा, धनुष्याची ताकद जरा वाढवा किंवा प्लंजरची स्प्रिंग सैल करा. उजवीकडे लागला तर बाण मऊ. टोक हलकं करा, ताकद कमी करा किंवा बाण थोडा कापा. डावखुऱ्यांनी हे सगळं उलट वाचावं. बिनपिसांचे बाण ग्रुपला चिकटून लागायला लागले की समजा, जोडी जमली!

मग आम्ही काय घेतलं?

तिघांची मोजमापं अशी होती. सर्वात लहान मुलगी २४ इंच ओढते, बोटांवर २० पौंड. मधला मुलगा २६ इंच आणि २६ पौंड. मोठा २८ इंच आणि ३४ पौंड. कंपनीचा तक्ता आणि माझी वही समोर ठेवली. २३१५ तिघांपैकी एकालाही जुळत नव्हता. मोठ्यासाठी १८१६, मधल्यासाठी १७१६ आणि छोटीसाठी आणखी लवचिक १५१६ ठरले, तेही पूर्ण लांबीचे. मोठ्याचा १८१६ सुद्धा ७.१४ मिलिमीटर आहे, म्हणजे बारीक कार्बनपेक्षा रेषेला टेकायला बराच बरा. उगीच कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही.

प्रत्येकी किती? इनडोअरला एका फेरीत तीनच बाण लागतात. तीन आणि तीन जास्तीचे असे सहा, शिवाय परीक्षेसाठी दोन बिनपिसांचे. तिघांचे मिळून चोवीस, म्हणजे बरोबर दोन डझन. संख्या तीच, जी विक्रेता पाठवत होता! फक्त बाण वेगळे, आणि पैसे इतके वाचले की त्यात नॉक, पिसं आणि चिकटवायचा गोंदही आला.

परीक्षेत मोठ्याचे बिनपिसांचे बाण उजवीकडे जात होते, म्हणजे मऊ. अपेक्षितच होतं, कारण बाण पूर्ण लांब ठेवले होते. मग पाचच बाण घेऊन कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पातळ अ‍ॅब्रेसिव्ह चाकावर अर्धा-अर्धा इंच दोनदा कापले, पुन्हा मारले, आणि जमल्यावरच बाकीचे त्या मापाचे केले. (हॅकसॉ किंवा नळ कापायचा कटर वापरू नका, तोंड चेपतं.) मधल्या मुलाचं पहिल्याच दिवशी जुळलं. छोटीचे अजून जरा उजवीकडे जातात, पण ती वाढते आहे. सहा महिन्यांनी ओढ इंचभर वाढली की ताकदही वाढेल, तेव्हा कापायला बाणात जागा हवी म्हणून मुद्दाम तसेच ठेवले आहेत. मोठ्याचा जो ग्रुप जेवणाच्या ताटाएवढा पसरायचा तो आता नाश्त्याच्या बशीत मावतो. सगळं श्रेय बाणांचं नाही, पोरगं रोज शंभर बाण मारतं. पण पूर्वी चांगला सोडलेला बाणही बाहेर जायचा आणि तो स्वतःलाच दोष द्यायचा. आता बाण बाहेर गेला तर का गेला ते त्याला कळतं. शिकणाऱ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

जाता जाता

बाण घ्यायला जाण्याआधी वहीत पाच आकडे लिहा. तुमची ओढ किती इंच, त्या ओढीला बोटांवर किती पौंड, बाण किती लांब ठेवायचा, टोक किती ग्रेनचं आणि बजेट किती. हे पाच आकडे हातात असले की विक्रेता काहीही सांगो, तुम्ही गोंधळणार नाही. घेतल्यावर प्रत्येक बाणावर स्वतःचं नाव आणि १ ते ६ नंबर टाका. नाव नियमातच आहे, तसंच एका फेरीतले बाण रंगाने, पिसांनी, नॉकने सारखे असणंही. नंबरचा उपयोग तुमच्यासाठी आहे. चार दिवस वहीत मांडा, कोणता बाण कुठे लागला. चार नंबर नेहमी बाहेर जातो असं दिसलं तर हाताला दोष देण्याआधी त्याचा नॉक बदलून बघा. आणि ग्रुप छान जमायला लागला की एकाच कागदावर तीन बाण मारण्याऐवजी तीन वर्तुळांचा उभा कागद लावा. नाहीतर एक बाण दुसऱ्याच्या नॉकमध्ये घुसतो. दिसायला झकास, फोटोही निघतो, पण दोन बाणांची वाट लागते!

जाड बाणांवर माझा राग नाही. मोठा मुलगा ताकद वाढवून वरच्या धनुष्यावर गेला की त्याच्यासाठी जाड बाण मीच शोधणार आहे, तेव्हा ते चार गुण आम्हाला हवेच आहेत. पण आधी जुळणं, मग जाडी, हा क्रम उलटा करू नका.

आपल्या कॉलेजात कुणाला धनुर्विद्या सुरू करायची असेल तर जरूर भेटा. पांढरकवड्याकडून जाणं झालं तर आमच्या हॉलमध्ये या, स्प्रिंग काटा आणि बिनपिसांचे बाण तयार आहेत. फक्त तुळशीच्या लग्नाआधी या, नंतर तो हॉल वऱ्हाडी मंडळींचा असतो!